स्वागत समारंभातील मद्याचा खर्च कसा बसवावा

लग्नाच्या खर्चाची वही उघडली की मंडप, आचारी, बस्ता, सोने, बँड, पत्रिका, फोटो अशा एकेका बाबीची ओळ दिसते आणि अगदी शेवटी ‘किरकोळ’ अशी एक ओळ असते. खान्देशातल्या ज्या घरांत लग्नाला पिण्याची सोय केली जाते, त्या घरांत तो सगळा खर्च बहुधा या ‘किरकोळ’मध्ये जाऊन बसतो. वही घरातले वडीलधारे पाहतात, म्हणून कोणी तिच्यात दारूचे नाव लिहीत नाही, आणि नाव लिहिले नाही म्हणून आधी आकडाही ठरत नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नाची वही मी सांभाळली, तेव्हा ‘किरकोळ’ची बेरीज बँडच्या रकमेपेक्षा जास्त निघाली. त्यानंतर भाऊबंदकीतल्या आणखी काही लग्नांचा हिशोब माझ्याकडे आला आणि प्रत्येक वेळी मी ही बाब वेगळ्या पानावर लिहिली. त्या पानावर काय काय लिहावे लागते, ते येथे सांगतो. लग्नात मद्य असावे की नसावे हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे आणि तो सुटलेला आहे असे धरूनच पुढचे लिहिले आहे.

सोय कोणत्या रात्री करायची, हे सर्वांत आधी ठरवावे. आपल्याकडे हळदीची रात्र, वरात आणि स्वागत समारंभ अशा तीन जागा आहेत, आणि प्रत्यक्षात पिणे सर्वांत जास्त हळदीला होते, हे मंडपामागे उभ्या असलेल्या गाड्यांच्या डिक्क्या पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. यजमान स्वागत समारंभाचा बार ठरवतो, त्याचे पैसे मोजतो, आणि हळदीच्या रात्री दहा वाजता मुलाचे मित्र हळूच म्हणतात, ‘काका, आज काहीतरी बघा ना.’ मग एका खर्चाचे दोन खर्च होतात. म्हणून दोहोंपैकी एकच रात्र निवडावी आणि दुसऱ्या रात्री काही मिळणार नाही, हे मुलाच्या तोंडून त्याच्या मित्रांना आठवडाभर आधी कळवावे. आपण सांगितले तर ते संकोचाने हो म्हणतात आणि ऐकत नाहीत. वरातीत तर कोणतीही सोय करू नये. रस्त्यावर, बँडसमोर, लहान मुलांच्या गर्दीत पिऊन नाचणाऱ्यांची जबाबदारी घेण्याइतका कोणताही यजमान मोकळा नसतो.

निवड स्वागत समारंभाची झाली, तर सहाशे पाहुण्यांसाठी खुला बार हा विचार मनातून काढून टाकावा. आपल्या समारंभांत माळकरी मंडळी असतात, शाळेतले सहकारी असतात, आत्या-मावशा असतात, आणि त्यांच्यासमोर ग्लास हातात धरणे पिणाऱ्यालाही नको असते. जेवणाच्या मंडपापासून दूर, वेगळ्या दाराने जाता येईल अशी गच्ची, लॉनचा मागचा भाग किंवा हॉटेलचा छोटा हॉल, तेथे ठरावीक माणसांसाठी ठरावीक तीन तास, एवढीच मांडणी आपल्याकडे टिकते. खर्चाच्या दृष्टीनेही तीच सोयीची आहे, कारण बंद जागेत किती माणसे येणार, हे मोजता येते.

आता मोजणी. बहुतेक लोक दुकानदाराला विचारतात, ‘पाचशे माणसांच्या लग्नाला किती पेट्या लागतील?’ या प्रश्नाला खरे उत्तर नाही, कारण पाचशे माणसे पीत नाहीत. आपण माणसे मोजावीत, बाटल्या नंतर आपोआप निघतात. माझी पद्धत अशी आहे की पाहुण्यांची यादी गावांप्रमाणे लावायची, म्हणजे चोपड्याचे, शिरपूरचे, पाचोऱ्याचे, सुरतेचे, आणि प्रत्येक गावातल्या एका तरुण, भरवशाच्या माणसाला फोन करून विचारायचे. मोठ्यांना विचारू नये. भावजींना विचारले तर ते आपल्या घरात कोणीच घेत नाही असे सांगतात आणि त्या रात्री सर्वांत आधी तेच येतात. माझ्या वहीतले एक पान असे आहे:

चोपडा — पुरुष ९, घेणारे ३, त्यांपैकी बिअर १.
शिरपूर — पुरुष १६, घेणारे ७, बिअर ३.
पाचोरा — पुरुष १२, घेणारे २. (आप्पांनी मागच्या वर्षी सोडली. विचारू नये.)
सुरत — पुरुष १४, घेणारे ११.
मुलाचे मित्र — २२, घेणारे १९, बिअर १३.

सुरतेच्या ओळीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. खान्देशातली असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी सुरतेला स्थायिक झाली आहेत आणि लग्नाला ती गावाकडे येतात. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ही मंडळी तापी ओलांडून इकडे आली की त्यांचा हात थोडा सैल होतो. मी त्यांच्या एका माणसाला दीड माणूस धरतो आणि अजून तरी तो अंदाज चुकलेला नाही.

अशा बेरजेतून समजा ८० माणसे निघाली: व्हिस्की घेणारे ५०, बिअर घेणारे २५ आणि रम, व्होडका किंवा वाइन घेणारे ५. पुढचा हिशोब सोपा आहे. तीन तासांत व्हिस्की घेणारा माणूस सरासरी ६० मिलीचे तीन पेग घेतो. कोणी एकावर थांबतो, कोणी पाचव्यावरही थांबत नाही, पण सरासरी तिथेच येते. तीन पेग म्हणजे १८० मिली, म्हणजेच एक क्वार्टर. ‘माणशी एक क्वार्टर’ हे जुन्या माणसांचे गणित त्यामुळेच बरोबर ठरते. ५० माणसांना १८० मिलीप्रमाणे ९ लिटर होतात. ७५० मिलीचा खंबा धरला तर बरोबर १२ खंबे, म्हणजे एक पेटी. हे समीकरण लक्षात ठेवले की कागद लागत नाही: व्हिस्की घेणाऱ्या पन्नास माणसांना एक पेटी. त्यावर दहा टक्के राखीव धरावे, म्हणजे दोन खंबे अधिक. रम आणि व्होडका यांचा प्रत्येकी एक खंबा आणि वाइनची एक बाटली पाचजणांना पुरते.

बिअरचे गणित ऋतूप्रमाणे बदलते. ६५० मिलीच्या बाटल्या बाराच्या पेटीत येतात. मार्गशीर्षातल्या लग्नात, थंडीच्या रात्री, माणशी दीड बाटली पुरेशी होते, म्हणजे २५ जणांना ३८, तीन पेट्या आणि दोन सुट्या. वैशाखातल्या लग्नात हाच आकडा माणशी अडीचवर जातो आणि ६३ बाटल्या लागतात, म्हणजे पाच पेट्या आणि तीन सुट्या. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रात्री आठ वाजतासुद्धा भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी अर्धे व्हिस्कीवालेही पहिला ग्लास बिअरचाच उचलतात. म्हणून उन्हाळ्यात बिअरची एक पेटी वाढवली आणि व्हिस्कीचे राखीव दोन खंबे टाळले तरी चालते.

उन्हाळ्यातल्या लग्नात सर्वांत महाग पडते ती बर्फाची कमतरता. भुसावळातल्या एका मे महिन्यातल्या समारंभात हॉलवाल्याने डीप फ्रीझर देण्याचे कबूल केले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तो फ्रीझर आइस्क्रीमवाल्याने भरलेला होता. बिअरच्या पेट्या भिंतीला लावून ठेवल्या आणि वाड्यातल्या दोन पोरांना बर्फ आणायला पाठवले. त्यांनी जो आणला तो अर्ध्या तासात पाणी झाला. पावणेनऊला बारजवळचा पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘काका, बरफ सरी गया,’ म्हणजे बर्फ संपला. तेथून पुढे जे झाले ते साखळीसारखे होते. कोमट बिअर कोणी हातात धरीना, बिअरवाले पंचवीसजण व्हिस्कीकडे वळले, दहा वाजायच्या आत व्हिस्की संपली, आणि बंद होत आलेल्या दुकानात आमच्या ब्रँडची बाटली नव्हती म्हणून जवळजवळ दुप्पट किमतीचे खंबे घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी चार पेट्या बिअर तशीच शिल्लक होती. शे-दीडशे किलो बर्फाची किंमत वाचवली, असे त्या रात्री कोणालाही म्हणता आले नसते.

त्यानंतर मी बर्फाचा हिशोब असा करतो. ग्लासात टाकायचा बर्फ हिवाळ्यात माणशी अर्धा किलो आणि उन्हाळ्यात एक किलो धरावा. बिअर थंड करण्यासाठी जितके लिटर बिअर तितके किलो बर्फ धरावा. ६३ बाटल्या म्हणजे सुमारे ४१ लिटर, तितकाच बर्फ. तीन तास आधी टाकीत किंवा मोठ्या टोपात बाटल्या आडव्या रचून, वर बर्फ आणि त्यावर ओले पोते टाकले की समारंभ सुरू होताना बिअर खरोखर थंड मिळते. ८० माणसांच्या उन्हाळी समारंभाला दोन्ही मिळून साधारण १२० किलो लागतो. त्यात वितळण्याची तूट धरून १५० किलो मागवावा आणि तो दोन खेपांत यावा, एक पाच वाजता आणि दुसरी साडेआठला. एकदम आणलेला बर्फ शेवटच्या तासाला पुरत नाही. आणखी एक गोष्ट जपावी: लादीचा बर्फ आणि ग्लासातला बर्फ एक नव्हे. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा असावा असा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे. लादी थंड करण्यासाठीच वापरावी आणि ग्लासासाठी पिण्याच्या पाण्याचे पिशवीबंद क्यूब घ्यावेत, मग ते महाग पडले तरी. लग्नानंतर पाहुण्यांची पोटे बिघडली तर दोष आचाऱ्याच्या बासुंदीला जातो आणि बर्फाचे नाव कोणी घेत नाही.

सोडा आणि पाणी यांच्यात मात्र फार डोके घालू नये. एका पेगला सुमारे १५० मिली लागते, १५० पेगांना साडेबावीस लिटर. निम्मा सोडा धरला तर ७५० मिलीच्या पंधरा बाटल्या होतात, पण उघडलेल्या बाटलीतला गॅस उडतो म्हणून चोवीस आणाव्यात. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या आठ-दहा पुरतात, कारण त्या बारजवळ कमी आणि पोराटोरांत जास्त संपतात.

चखण्यात खान्देशी माणसाला फार खर्च करावा लागत नाही, हे आपले सुदैव आहे. घरातल्या बिबड्या आणि ज्वारीचे पापड तळून ठेवावेत, रावेर-यावलकडचे केळीचे वेफर्स, खारे शेंगदाणे, काकडी-टोमॅटो आणि लिंबू, इतक्यावर ऐंशी माणसांची सोय होते. तिखट शेव आणि मसाल्याचे शेंगदाणे मी कमी ठेवतो, कारण जितके तिखट तितकी तहान आणि जितकी तहान तितकी बिअर. हिवाळ्यातले लग्न असेल तर भरीत आणि कळण्याची भाकरी बारच्या शेजारीच मांडावी. खर्च थोडा वाढतो, पण पोटात अन्न गेलेला माणूस तिसऱ्या पेगला स्वतःहून थांबतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय आचाऱ्याला आधीच सांगून ऐंशी ताटे राखून ठेवावीत. ही मंडळी जेवायला साडेदहानंतर येतात आणि तोवर शेवभाजीच्या पातेल्याच्या तळाशी नुसती तर्री उरलेली असते.

आता परवाना. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा आपल्याकडे लागू आहे आणि परवाना नसलेल्या जागी लोकांना एकत्र बसवून मद्य पाजणे हा त्याखाली गुन्हा आहे. आपण पैसे घेत नाही, घरचाच समारंभ आहे, हे उत्तर लॉनवर आलेल्या पथकापुढे चालत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून समारंभासाठी एक दिवसाचा परवाना मिळतो. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, जागेच्या मालकाचे संमतिपत्र लागते आणि शुल्क भरावे लागते. अर्ज निदान पंधरा दिवस आधी करावा आणि शुल्काचा आकडा अधीक्षक कार्यालयातून विचारून तोच वहीत लिहावा. कोणी ‘मी बघून घेतो’ म्हणणारा भेटला, तर त्याने सांगितलेली रक्कम आणि कार्यालयाची रक्कम यांतला फरक किती आहे, एवढे पाहावे. पिणाऱ्याजवळ पिण्याचा परवाना असावा असेही कायद्यात आहे. तो एका दिवसासाठी नाममात्र शुल्कात मिळतो. परवान्याची मूळ प्रत बारच्या टेबलावर आणि खरेदीची पावती ज्या गाडीतून माल येतो त्या गाडीत ठेवावी.

वयाची अट बहुतेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइन यांना २१ वर्षे आणि इतर मद्याला २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलाच्या मित्रांपैकी निम्मे २५ च्या आतले असतात, म्हणून माझ्या वहीत त्यांच्यापुढे बिअरचा आकडा मोठा आहे. ग्लास भरणाऱ्याला हे स्पष्ट सांगून ठेवावे आणि अकरावी-बारावीतल्या भाच्यांना त्या दारातून आत सोडू नये. दारावर त्यांचाच एखादा मामा उभा केला की काम होते.

तारीख ठरवताना पंचांगाबरोबर आणखी एक यादी पाहावी. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे सर्वांना माहीत असतात. आषाढी आणि कार्तिकी एकादशी मात्र विसरल्या जातात, आणि नेमक्या त्याच आपल्या लगीनसराईच्या कडेला येतात. कार्तिकी एकादशी झाली की तुळशीची लग्ने लागतात आणि लगोलग मुहूर्त सुरू होतात. त्या आठवड्यातले लग्न असेल तर खरेदी आधीच उरकावी. निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस बंद असतो, आणि आचारसंहितेच्या काळात गाडीतल्या पेट्यांची चौकशी नक्की होते.

पैशांकडे वळू. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. तेव्हाच्या निर्णयाप्रमाणे १८० मिलीची किमान किंमत भारतीय बनावटीच्या मद्यासाठी २०५ रुपये आणि वरच्या विदेशी ब्रँडसाठी ३६० रुपये झाली. म्हणजे आपल्या पन्नास क्वार्टरचा खालचा हिशोब १०,२५० रुपये आणि वरचा १८,००० रुपयांपासून पुढे. प्रत्यक्षात बाटलीवर जी छापील किंमत असेल तीच धरावी, आणि चार वर्षांपूर्वीच्या लग्नाचा आकडा कोणी सांगितला तर तो मुळीच धरू नये. ब्रँड दोनच ठेवावेत, एक बऱ्यापैकी आणि एक त्यापेक्षा वरचा. वरच्याचे तीनच खंबे आणावेत आणि ते व्याही व जावईबापूंच्या टेबलावर जावेत. पाच ब्रँड मांडले की प्रत्येकाच्या अर्ध्या उघड्या बाटल्या उरतात आणि तो खर्च फुकट जातो.

परवाना असलेल्या हॉटेलात बार ठेवला तर परवान्याची, ग्लासांची, बर्फाची आणि माणसांची काळजी त्यांची असते. पण दर पेगाचा असतो आणि बाहेरची बाटली आत नेऊ देत नाहीत. त्यावर जीएसटी लागत नसला तरी व्हॅट लागतो, आणि बारमधल्या मद्यावरचा हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. सोयीसाठी ६० मिलीचा पेग २५० रुपये धरू. १५० पेगांचे ३७,५०० आणि व्हॅट धरून ४१,२५० होतात. याउलट लॉनवर स्वतः सोय केली आणि खंबा १,२०० रुपयांचा धरला, तर चौदा खंब्यांचे १६,८०० होतात. त्यात परवाना शुल्क, बर्फ, ग्लासांचे भाडे, वाढणाऱ्यांची मजुरी आणि उरलेला माल मिळवला की दोन्हींतला फरक दिसतो तेवढा राहत नाही. माझे मत असे आहे की पन्नासपेक्षा कमी माणसे असतील तर हॉटेलच स्वस्त आणि निर्धास्त पडते. त्याहून जास्त असतील, आणि घरात न पिणारा एक खंबीर माणूस असेल, तर स्वतःची सोय परवडते. तो माणूस नसेल तर परवडत नाही.

कारण बार चालवणे म्हणजे माप सांभाळणे. ऐंशी माणसांना दोन अनुभवी बारमन आणि तीन वाढपी लागतात, आणि त्यांच्याशी ठराव तासांवर करावा, ‘कार्यक्रम संपेपर्यंत’ असा करू नये. पेग मापानेच भरावा. बाटली टेबलावर ठेवली की ६० मिलीचा पेग ९० चा होतो आणि १२ खंब्यांचे १८ लागतात; ही एकच चूक सगळे अंदाजपत्रक उलटवते. दादा-आबा म्हणून कोणी बाटली मागितली तरी ती टेबलावर जाऊ देऊ नये, ग्लास भरून पाठवावा. ग्लास माणशी अडीच धरावेत आणि फुटतुटीची रक्कम आधी ठरवावी. पहिली फेरी जलद द्यावी, म्हणजे बारभोवती गर्दी होत नाही. शेवटची फेरी समारंभ संपण्याआधी पाऊण तास जाहीर करावी आणि त्यानंतर बारमनने स्वतः टेबल आवरायला घ्यावे.

सीमेबद्दल दोन शब्द. मध्य प्रदेशातल्या सेंधवा किंवा बऱ्हाणपूर येथे बाटली स्वस्त मिळते, आणि प्रत्येक लग्नात एक तरी शालक ‘मी तिकडून आणतो’ म्हणतो. परराज्यातले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, आपला एक दिवसाचा परवाना त्याला लागू होत नाही आणि गाडीही जप्त होऊ शकते. दोन-चार हजारांच्या बचतीसाठी लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाचा भाऊ पोलीस ठाण्यात बसलेला मला पाहायचा नाही. उलट बाजूची काळजी सुरतेच्या पाहुण्यांची. उरलेली एखादी बाटली त्यांच्या पिशवीत प्रेमाने टाकू नये. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे हे गमतीचे वाटते. पण बाटली बाळगणाऱ्या माणसाला त्या फलाटावर कोठे उभे राहायचे, याची गंमत वाटत नाही.

परतीच्या प्रवासाचा खर्च याच पानावर लिहावा, गाड्यांच्या पानावर नव्हे. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात; आणि ही मर्यादा ओलांडायला ६० मिलीचा एक पेगही पुरू शकतो. दंडापेक्षा महामार्गावरच्या रात्रीची भीती मोठी आहे. म्हणून दोन क्रूझर आणि न पिणारे दोन चालक रात्री एकपर्यंत ठरवावेत, आणि बारकडे येणाऱ्याच्या मोटारसायकलची चावी दारावरच घ्यावी. पहिल्या वेळी लोक रुसतात. चावीला नावाची चिठ्ठी बांधून एका ताटात ठेवली की रुसवा कमी होतो, कारण ताटात सगळ्यांच्याच चाव्या दिसतात.

खरेदी एकदम करू नये. अंदाजाच्या ऐंशी टक्के माल आधी उचलावा आणि उरलेला त्याच दुकानात बाजूला ठेवायला सांगून त्याची बंद होण्याची वेळ विचारून घ्यावी. सीलबंद पेटी परत घेऊ, असे तोंडी आश्वासन मिळाले तरी ते जमेत धरू नये. साडेनऊला एकदा बाटल्या मोजाव्यात. तेव्हा निम्म्यापेक्षा कमी संपल्या असतील तर राखीव मालासाठी माणूस पाठवण्याचे कारण नाही.

सकाळी मांडववाले येण्याआधी रिकाम्या बाटल्या मोजून घ्याव्यात. पुतण्यानंतरच्या लग्नात मी साडेसहाला लॉनवर गेलो, तेव्हा गवतावर दव होते आणि खुर्च्यांखाली बिबड्यांचा चुरा पडला होता. खंबे रिकामे १२, उघडे १, सीलबंद १. बिअर रिकामी ५८, भरलेली ५. सोडा उघडलेला ३. हे आकडे मी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिले आणि ती पत्रिका वहीत त्याच पानावर टाचणीने लावली. पुढच्या वर्षी धाकट्या पुतणीचे ठरले, तेव्हा फोन करण्याआधी मी तेच पान काढले आणि सुरतेच्या ओळीत ११ च्या जागी १६ लिहिले.